उरलेली किल्ली

१

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आमच्या बाजारातल्या सात बंद दुकानांच्या सातही कुलपांत कोणीतरी गोंद भरून ठेवलेला सापडला.

पहिली बोंब पाववाल्यानं ठोकली. मी माझ्या चष्म्याच्या दुकानाची काच पुसत होते, तेवढ्यात तो पीठ लागलेल्या हातांनी तसाच धावत आला. "सेक्रेटरीबाई, किल्ली आतच जात नाही हो!"

मला वाटलं, आनंदाच्या भरात उलटी घालत असेल. त्याच्यामागून बोळात गेले आणि वाकून पाहिलं. कुलपाच्या भोकात काचेसारखा कडक, पारदर्शक गोंद बसला होता. शेजारच्या कुलपात तेच. त्याच्या शेजारीही तेच. सायकलवाला, रोपवाली, सगळी नवी मंडळी आपापल्या दारापुढे किल्ली हातात धरून उभी होती.

आमचा बाजार म्हणजे शहराचं नाक, असं माझे वडील म्हणायचे. शहराबाहेर मोठं व्यापारी संकुल झालं आणि या नाकाला सर्दी झाली ती झालीच. एकेक शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. शेवटी आम्ही उरलेल्या दुकानदारांनी समिती केली, मला तिची सेक्रेटरी केलं, बंद दुकानांच्या मालकांच्या पाया पडलो, आणि नव्यानं धंदा करू पाहणाऱ्यांना वर्षभरासाठी जागा द्यायला त्यांना राजी केलं. सात मालक तयार झाले. त्यांच्या किल्ल्या माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात, प्रत्येकीला दुकानाची चिठ्ठी बांधून, महिनाभर टांगलेल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच त्या मी वाटल्या होत्या.

त्या दुकानांची शटरं आतून कडी घालून बंद असत. जायची-यायची वाट एकच, मागच्या बोळातलं दार. त्याच दारांची ही कुलपं.

सर्वांत शेवटी राजी झाले होते ते जोडेवाले अण्णा. त्यांच्या हातचे जोडे घालून या शहरातली कितीतरी लग्नं लागली. दुकान बंद केलं त्या दिवशी अण्णा भर चौकात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "ही कला माझ्याबरोबर संपली. माझ्या घरातलं कोणी आता आरी हातात धरणार नाही. हा माझा शब्द." मुलगा परगावी बँकेत. त्याच वर्षी घरात सून आलेली. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! सून आली आणि दुकान गेलं, मुलीचा पायगुणच तसा, असं बाजारात बोललं गेलं. सासऱ्यांचा डबा, औषधं आणि दुपारची कुठलीशी शिकवणी यातच तिचा दिवस जाई. समितीच्या कामात मात्र ती सर्वांत पुढे असायची. पताका तिच्याच हातच्या होत्या. सगळा बाजार तिला अण्णांसारखंच 'सूनबाई' म्हणे.

पालिकेच्या बाई फीत कापायला आल्या तेव्हा चावीवाला मोठ्या कात्रीनं कुलपांच्या कड्या तोडत होता. तोडलेलं कुलूप तो बादलीत टाकी आणि पुढच्या दाराकडे जाई. फीत कापली गेली, शटरं वर गेली, टाळ्याही झाल्या. पण टाळ्यांत जोर नव्हता.

मग सायकलवाल्यानं बोळातल्या कचरापेटीतून एक चपटी नळी वर काढली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची. पेटी होती घड्याळवाल्या तात्यांच्या मागच्या दाराला लागून.

"परवा हेच म्हणाले होते ना," कोणीतरी ओरडलं, "'बघतोच कशी उघडतात ती दारं'!"

पालिकेच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, वरून या योजनेला मीच मंजुरी मिळवली आहे. आपसातच अशी भांडणं असतील तर मला ती थांबवावी लागेल. उद्या संध्याकाळच्या सभेत मला नाव हवंय. नाहीतर किल्ल्या परत."

मी आत्याला फोन लावला.

२

माझी आत्या विमा कंपनीत नुकसान तपासायची. जळालेली, बुडालेली, फोडलेली दुकानं बघण्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती.

"आधी रडणं ऐकायचं, मग राख बघायची," ती म्हणाली. "चल, ऐकव."

चावीवाला स्वतःहूनच तिच्यापुढे आला. "आत्याबाई, सगळे माझ्याकडे बघताहेत. म्हणे कुलपं खपवायला मीच केलं. अहो, मी करीन तर सात नवी कुलपं आधी आणून ठेवीन की! माझ्याकडे दोन निघाली. बाकीच्यांसाठी माणूस पळवावा लागला."

"ती तोडलेली कुठं आहेत?"

"बादलीत. भंगारात देणार होतो."

"देऊ नकोस," आत्या म्हणाली.

टायवाला आपण होऊनच आला. संकुलाचा हा माणूस आमच्या रस्त्यावरची दुकानं एकगठ्ठा विकत घ्यायला वर्षभर फिरत होता आणि भर उन्हातही टाय सोडत नव्हता. आत्यानं सरळ विचारलं, "हे तुमचं काम का?"

तो हसला. "बाई, कुलपात गोंद कशाला घालू? इथली दुकानं आपोआप बंद पडतात. मी फक्त थांबतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्यानं मात्र मान डोलावली. "हा खरं बोलतोय. आणि खरं बोलून गेला म्हणून जास्त राग येतोय तुला."

मग तात्या. दुकानात चार भिंतींवर घड्याळं टिकटिकत होती आणि मधे तात्या तोंड फुगवून बसले होते.

"मी विरोध केला, करीन!" ते म्हणाले. "पाव आणि रोपटी विकून बाजार चालतो? इथं एकेकाळी कारागीर होते. मी बोललो ते तोंडावर बोललो. मागून गोंद घालणारी औलाद नाही आमची."

आत्यानं मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "पट्ट्याची पिन सैल झालीय. तेवढी बसवून द्या."

तात्यांनी दोन्ही हात काउंटरखाली घेतले. "ठेवून जा. दुरुस्तीवाला येतो अधूनमधून."

"एवढंसं तर काम आहे."

"ठेवून जा म्हटलं ना!"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघितलंस किती चिडतात?"

"बघितलं," आत्या म्हणाली. "त्यांचे हात बघितले. आता ती सात दुकानं दाखव."

नव्या मंडळींची झाडलोट चालू होती. पाववाल्याच्या जागेतून कोळिष्टकांचे गठ्ठे निघत होते. रोपवाली नाकाला रुमाल बांधून खोकत होती. सायकलवाल्याला अण्णांची जागा मिळाली होती, आणि तो एकटाच खुशीत होता.

"माझं नशीब बघा!" तो म्हणाला. "मला झाडावंच लागलं नाही. अण्णांनी काय ठेवलंय दुकान! कोंदट वास नाही, जळमट नाही."

अण्णा तिथेच होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो उंबरा ओलांडला होता. येणारा-जाणारा त्यांना म्हणत होता, "वा अण्णा, वास्तू कशी सांभाळलीत!" अण्णांनी फळीवरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिले.

फळ्यांवर न विकलेल्या जोड्यांची जुनी खोकी रचलेली होती. अण्णांची नजर दुसरीकडे असताना आत्यानं एक खोकं उघडलं. काळे जोडे होते, चामडं सुकून सुरकुतलेलं. तिनं शिवणीवर नख फिरवलं, खोकं बंद केलं आणि माझ्याकडे वळली.

"तुझ्याकडे नेलपॉलिश काढायचं पाणी आहे का?"

३

रोपवालीकडे ते होतं. आत्यानं माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत एका पसरट भांड्यात ती सगळी बाटली रिकामी केली आणि बादलीतली सातही कुलपं तोंड बुडेल अशी त्यात मांडली. कड्या तुटल्या होत्या, पण कुलपं शाबूत होती. खोलीत असा उग्र दर्प पसरला की चष्मा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परतलं.

"हा गोंद यात विरघळतो," आत्या म्हणाली. "आता किल्ल्या परत गोळा करून आण."

मी आणल्या. ती कुलपांत टाचणी घालून उरलासुरला चिकट थर काढत होती.

"आत्या, कोणी केलं ते शोधायचंय. कुलपं उघडून काय मिळणार?"

"पोरी, तुला उद्घाटन मोडायचं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी विचार केला. "वीज तोडली असती. नाहीतर काचा फोडल्या असत्या."

"मागच्या दाराच्या कुलपात गोंद घातला असतास?"

"छे. ते काय, कडी तोडली की झालं."

"मग या माणसाला काही थांबवायचं नव्हतं. कुलपात गोंद घातला की लोक काय करतात? कुलूप तोडतात आणि फेकून देतात. त्यांनी कुलपं फेकून द्यावीत, एवढंच त्याला हवं होतं." तिनं एक कुलूप पुसलं. "आणि कुलपाला किल्ली लावून कोणी बघू नये."

तिनं पाववाल्याची किल्ली उचलली. पहिल्या कुलपात गेली नाही. दुसऱ्यात गेली आणि कुरकुरत फिरली. रोपवालीच्या किल्लीला तिचं कुलूप मिळालं. एकेक जोडी जमत गेली आणि टेबलावर बाजूला मांडली गेली. शेवटी एक कुलूप आणि एक किल्ली राहिली.

आत्यानं ती माझ्या हातात दिली. "लाव."

मी लावली. किल्ली लांबट, जुन्या घडणीची, पितळी. कुलूप छोटं, अलीकडच्या बनावटीचं. किल्ली त्या भोकात शिरेचना. मी उलटी करून पाहिली, जोर लावून पाहिला. ते कुलूप त्या किल्लीचं नव्हतंच.

"चिठ्ठी वाच," आत्या म्हणाली.

चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. मी लिहिलं होतं: 'जोडे'.

४

"म्हणजे अण्णा?" मी म्हटलं. "अण्णांनी केलं हे?"

"डोकं चालव. दाराला नवं कुलूप अण्णांनी लावलं असतं, तर तुला त्यांनी कुठली किल्ली दिली असती?"

"नव्या कुलपाची."

"त्यांनी जुनी दिली. म्हणजे कुलूप बदललंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आज फळीवर धूळ नाही हे बघून सर्वांत जास्त चकित तेच झाले होते. लोक त्यांची स्तुती करत होते, आणि ते मनात म्हणत होते, मी तर इथं पाऊल टाकलेलं नाही!"

"मग दुसरंच कोणीतरी आत येत होतं."

"बऱ्याच दिवसांपासून. जुनं कुलूप तोडून, स्वतःचं लावून. रोज बोळातून यायचं, मागून आत जायचं. पुढचं शटर बंद, कुणाच्या बापाला पत्ता नाही. मग तुमची योजना आली. अण्णांची किल्ली लागली नसती की विचारणा झाली असती, अण्णांचंच कुलूप कोणी बदललं? एकट्या त्याच कुलपात गोंद घातला, तरी सगळ्यांची नजर त्याच दुकानावर गेली असती. म्हणून सातही भरली."

"पण जुनं कुलूपच परत लावायचं की."

"ते आधीच तोडलंय ना. तुझ्या कपाटातल्या किल्लीचं कुलूप आता कुठं मिळणार? आणि ती किल्ली महिनाभर तुझ्या डोळ्यांसमोर, बदलणार कशी?"

मला तात्या आठवले. "आणि ती नळी?"

"बोळात पेटी एकच आहे. टाकणाऱ्यानं तिथंच टाकली, शेजारी दार कुणाचं हे बघितलं नाही. तात्यांनी तर हे केलेलंच नाही. प्रत्येक कुलपात गोंद कसा भरला होता पाहिलंस? बाहेर एक थेंब सांडलेला नव्हता. आणि तात्यांचे हात कापतात. त्यांना साधी पिन बसवता येत नाही, म्हणून तर ते सगळ्या जगावर रागावलेत. हे काम रोज गोंद हाताळणाऱ्या, स्थिर हाताच्या माणसाचं आहे."

ती बोलता बोलता थांबली. माझ्या पायांकडे बघत होती.

"हे जोडे कुठून घेतलेस?"

"फोनवरून मागवले. घरपोच येतात. पाय कागदावर ठेवून बाजूनं रेघ मारायची आणि फोटो पाठवायचा, मग बरोबर मापाचे येतात. निम्म्या बाजाराकडे आहेत. पालिकेच्या बाईंच्या पायातही होते आज."

"काढ."

तिनं जोडा उजेडात धरला आणि तळाजवळच्या शिवणीवर नख फिरवलं, दुकानात फिरवलं होतं तसंच. "टाका डावीकडे कललेला आहे. मघाच्या खोक्यातही हाच टाका होता. पण तिथं चामडं जुनं आणि दोरा नवाकोरा, मेण लावलेला. कोणीतरी अण्णांचे जोडे उसवून पुन्हा शिवलेत." तिनं जोडा मला परत दिला. "या धंद्याचं नाव काय?"

मी आतल्या शिक्क्याकडे पाहिलं. इतके महिने पायात घालत होते, पण या नावाचा कधी विचारच केला नव्हता.

"पायगुण," मी म्हटलं.

"हं," आत्या म्हणाली. "या बाजारात हा शब्द कोणाला ऐकावा लागला होता?"

५

सूनबाई चौकातल्या पताका उतरवत होती. आम्हाला दोघींना येताना पाहून ती स्टुलावरून खाली उतरली. आत्यानं ते छोटं कुलूप तिच्यापुढे धरलं.

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "किल्ली माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली.

मग आम्ही पायरीवर बसलो. आत्यानं विचारलं ते एवढंच, "शिकलीस कुठं?"

"शिकवलं कोणीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा अण्णांचे जोडे पहिल्यांदा बघितले. शिवण कुठं सुरू होते आणि कुठं संपते तेच कळेना. मला चैन पडेना. आणि तेवढ्यात दुकान बंद झालं, नि लोक बोलायला लागले." तिनं पताका गुंडाळली, परत सोडली. "बोलू देत. मला राग याचा नव्हता की मला बोलतात. एवढा मोठा माणूस हात बांधून घरी बसला होता, आणि त्याचं कारण म्हणे माझे पाय! मग म्हटलं, याच पायांनी चालत जाऊन दाखवते."

"दुपारी शिकवणी आहे म्हणून निघायचीस ती इथंच?" मी म्हटलं.

"शिकवणीच होती की. खोटं नाही बोलले." ती किंचित हसली. "किल्ली अण्णांच्या कमरेला, म्हणून कुलूप तोडून माझं लावलं. त्यांचे जोडे उसवायचे, टाका कसा घातलाय बघायचं, परत शिवायचे. चुकलं की परत उसवायचे."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?" मी विचारलं.

"त्यांनी भर चौकात शब्द दिला होता, सेक्रेटरीताई. घरातलं कोणी आरी धरणार नाही म्हणून. घरातल्या सुनेनंच तो मोडला हे लोकांना कळलं, तर अण्णांनी मान वर कशी करायची? सामान मी आधीच घरच्या माळ्यावर हलवलं होतं. फक्त कुलपाचं काय करावं सुचेना. घाबरून केलं ते. या नव्या लोकांचा दिवस मी नासवला, ते मात्र चुकलंच."

आत्या म्हणाली, "माझं काम सत्य शोधायचं, ते शोधून झालं. बोलायचं की नाही ते तू ठरव. मी गप्प राहू शकते."

"गप्प राहिलात तर?"

"योजना बंद. आणि तात्या आयुष्यभर गोंदवाले म्हणून ओळखले जातील."

सूनबाईनं दचकून वर पाहिलं. "तात्या? तात्यांचा काय संबंध?"

नळीची गोष्ट तिच्या कानावर आलीच नव्हती. मी सांगितली. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. मग ती उठली आणि घराकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही ती बाजारात दिसली नाही.

६

सभा पाववाल्याच्या दुकानात होती, कारण तिथंच सगळे मावत होते. तात्या भिंतीला टेकून, छातीशी हात बांधून उभे होते. त्यांच्या आजूबाजूला कोणी उभं राहिलं नव्हतं. टायवाला दाराशी होता. अण्णा पहिल्या रांगेत. सूनबाईचा पत्ता नव्हता.

पालिकेच्या बाई म्हणाल्या, "बोला. नाव?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या छताकडे पाहत होती.

"नाव माझं आहे."

सूनबाई दारातून आत आली. टायवाल्याला तिनं 'जरा सरका' म्हणून बाजूला केलं. हातात एक कापडी पिशवी होती.

"गोंद मी घातला," ती म्हणाली. "तात्यांचा काडीचा संबंध नाही. नळी मी टाकली, पेटी त्यांच्या दाराशी आहे हे लक्षात आलं नाही. तात्या, माफ करा. तुम्हा सगळ्यांच्या कुलपांची भरपाई मी करीन." मग ती सासऱ्यांकडे वळली. मान ताठ होती. "अण्णा, तुमच्या दुकानाचं कुलूप मी तोडलं होतं. तीन वर्षं मी तिथं बसून जोडे शिवतेय. तुमचा शब्द मोडला. लपवून मोडला, याची लाज वाटते. शिवले, याची नाही वाटत."

तिनं पिशवीतून एक जोडा काढला आणि अण्णांपुढे धरला.

अण्णांनी तो घेतला नाही. ते उठले, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तुझा दे. घालून वापरलेला. नवा जोडा काय, कोणाचाही छान दिसतो."

मी काढून दिला. त्यांनी तळ वाकवला. टाच अंगठ्यानं दाबली. आत हात घालून अस्तर चाचपलं. मग चष्मा कपाळावर सरकवून शिवण डोळ्यांजवळ नेली आणि बोट त्या टाक्यावरून सबंध कडेनं फिरवत नेलं.

"हा टाका मी कोणाला शिकवलेला नाही," ते हळूच म्हणाले. "माझ्या मुलालाही नाही."

"उसवून शिकले, अण्णा."

"किती उसवलेस?"

"दुकानात होते तेवढे सगळे."

अण्णा सभेकडे तोंड करून उभे राहिले, तीन वर्षांपूर्वी चौकात राहिले होते तसेच.

"मी शब्द दिला होता, आणि तो मोडला गेलाय. हे तुमच्यासमोर कबूल करतो. पण शब्द दिला तेव्हा माझ्या घरात कारागीर आलाय हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं, तर जीभ आवरली असती." त्यांनी जोडा उंच धरला. "हे काम नीट बघून घ्या. माझ्या तरुणपणी मला एवढं सफाईदार येत नव्हतं. आणि हिचा पायगुण वाईट म्हणणाऱ्यांनी आपापल्या पायांकडे बघा. निम्मे लोक तिचेच जोडे घालून बसलेत!"

सगळ्या माना एकदम खाली गेल्या. पालिकेच्या बाईंनी पाय खुर्चीखाली घेतले आणि त्यांनाच हसू फुटलं.

तेव्हा तात्या भिंतीपासून पुढे आले. "पायगुणाचं पहिलं बोललो तो मी," ते खरखरीत आवाजात म्हणाले. "अण्णा बसले, माझे हात गेले, आणि राग काढायला ही नवी मुलगी सापडली. मी म्हणत होतो, या बाजारात आता कारागीर उरला नाही. माझ्याच दारावरून रोज जात होती की!" त्यांनी सूनबाईपुढे हात जोडले. ते कापत होते. या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

सायकलवाला उभा राहिला. "मग अण्णांची जागा यांनीच घ्यावी. मी दुसरीकडे बघतो."

"अजिबात नाही," अण्णा आणि सूनबाई एकदमच म्हणाले. अण्णा पुढे म्हणाले, "जागा तुला दिली ती दिली. एका घरानं एका वर्षात किती शब्द मोडायचे?"

पालिकेच्या बाईंनी कागद चाळले. "सूनबाई, योजनेत जागा हवी असेल तर इतरांसारखा अर्ज करा. कुलपांची भरपाई आधी. आणि आता पालिकेच्याच मालकीचं एक दुकान शिल्लक आहे. कोपऱ्यावरचं. तिथं आजवर कोणी टिकलेलं नाही, म्हणून कोणी घेत नाही."

"मला चालेल," सूनबाई म्हणाली. "मी बंद दुकान चालवलंय. उघडं तर चालवीनच."

टायवाला कधी निघून गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

७

कोपऱ्यावरच्या त्या दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा फीत नव्हती, भाषण नव्हतं. पाववाल्यानं गरम पाव पाठवले, रोपवालीनं दाराशी दोन कुंड्या आणून ठेवल्या. दिवस मावळायच्या आत दुकानापुढे रांग लागली, कारण पाय कागदावर ठेवून रेघ मारायला प्रत्येकाला वेळ लागत होता.

अण्णा सकाळपासून तिथंच होते. त्यांनी आरी हातात घेतली नव्हती. आपल्यापुरता तरी शब्द पाळायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. ते दाराजवळ एका खुर्चीवर, धुतलेला कडक सदरा घालून बसले होते आणि आत येणाऱ्याच्या चालण्याकडे बघून आतल्या बाजूला सांगत होते, "डावा पाय आत पडतो यांचा, ध्यानात ठेव."

"ठेवलंय, अण्णा," आतून उत्तर यायचं. एकदा मात्र उत्तर आलं, "डावा नाही, उजवा. नीट बघा." अण्णांनी नीट बघितलं आणि मांडीवर थाप मारून हसले.

तेवढ्यात संकुलाकडून आलेलं एक जोडपं मोटारीतून उतरलं. गृहस्थ काचेतून बराच वेळ जोडे बघत राहिले. मग पायरी चढून अण्णांपुढे अदबीनं वाकले.

"फार नाव ऐकलंय. आपणच का या दुकानाचे मालक?"

अण्णा खुर्चीवरून उठले. सदरा सारखा केला. आमच्या बाजारात त्यांना असं ताठ उभं राहिलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मालकीणबाई आत कामात आहेत. मी त्यांचा सासरा."